जुन्या पत्रावर मराठीचा पातळ पदर

शिरूर आणि दौंडमधील अनेक मुस्लिम घरांत एक पत्र्याची पेटी जपून ठेवलेली असते. तिच्यात निकाहनामा असतो, घरजागेचे मोडीतले कागद असतात, नोकरीचे दाखले असतात आणि तळाशी पत्रांचा गठ्ठा असतो. शिरूर म्हणजे जुने घोडनदी, इंग्रजी अमलातील घोडदळाची छावणी. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. छावणी काय किंवा रेल्वे काय, नोकरीत माणूस घरापासून लांब राहायचा आणि खुशाली पत्रानेच कळायची. पुढे कुणी आखातात कामाला गेले. विमानाच्या टपालाला वजनावर पैसे पडत, म्हणून ती पत्रे कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावर लिहिली जात.

यातील बरीच पत्रे उर्दूत आहेत आणि घरातील मुले मराठी शाळेत शिकतात. आजी वाचून दाखवते तोवर पत्र बोलते. तिच्यानंतर तो कागद केवळ जपायची वस्तू होऊन बसतो. आजोबांनी कोणाला सलाम सांगितला, कोणाच्या आजारपणाची चौकशी केली, किती पैसे पाठवले, हे नातवंडांना कधीच कळत नाही.

यावर घरच्या घरी करता येण्यासारखा एक उपाय आहे. जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये दोन पानांच्या मध्ये एक पातळ कागद असे. तसेच करायचे. खाली पत्राची रंगीत प्रत आणि तिच्यावर पातळ कागदावर छापलेले मराठी वाचन, ओळीला ओळ. कागद खाली सोडला की मराठी वाचता येते, उचलला की आजोबांचे अक्षर दिसते. उर्दू उजवीकडून आणि मराठी डावीकडून चालते, त्यामुळे शब्दावर शब्द येणार नाही. पण ओळीवर ओळ नक्की बसते.

आधी आजीला पत्र सावकाश वाचायला सांगून मोबाइलवर रेकॉर्ड करावे. मोडी कागद असेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या ठिकाणी मोडीचे जाणकार भेटतात. मग पत्राचे स्कॅनिंग. सपाट काचेच्या स्कॅनरवरच करावे; कागद आपोआप आत ओढणाऱ्या यंत्रात जुने पत्र कधीही घालू नये, घडीवर फाटते. दोन्ही बाजूंनी लिहिलेल्या पातळ पत्रात मागची अक्षरे पुढे दिसतात. अशा वेळी पत्राच्या पाठीमागे काळा कागद ठेवावा, मागची अक्षरे बरीच दबतात. ३०० डीपीआय पुरेसे आहे.

हे चित्र संगणकावर थोडे मोठे करून पानावर ठेवावे, म्हणजे ओळींमध्ये जागा होते. त्या जागेत मराठी टाइप करावे. एकदा चित्रासह साध्या कागदावर छापावे, ती झाली पत्राची प्रत. मग चित्र काढून टाकून फक्त मराठी मजकूर पातळ कागदावर छापावा.

अडचण येते ती इथे. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटरला तितक्या ग्रॅम वजनाचा असतो आणि घरगुती प्रिंटरची चाके त्याच हिशेबाने बनवलेली असतात. त्याच्या निम्म्याहून हलका कागद चाकांना नीट पकडता येत नाही. तो चुरगळतो, तिरका जातो किंवा छापणाऱ्या हेडला घासतो. म्हणून त्याला पाठीराखा द्यावा. १०० जीएसएमचा एक ताठ कागद घ्यावा. पातळ कागद त्याहून किंचित लहान कापून, जी कडा आधी आत जाणार ती पूर्ण रुंदीभर सहज निघणाऱ्या चिकटपट्टीने बसवावी. बाजूच्या कडांना एकेक तुकडा लावावा. खालची कडा मोकळी ठेवावी, नाहीतर मध्ये फुगवटा येतो. प्रिंटरला मागून कागद घालायची सोय असेल तर तीच वापरावी, तिथे कागदाला वळण कमी असते. सेटिंगमध्ये साधा कागद आणि कमी शाई निवडावी. लेझर प्रिंटरमध्ये मात्र हा प्रयोग नको. त्यातील तापलेल्या रुळाला पातळ कागद गुंडाळला जातो.

दुसरा प्रश्न शाईचा. इंकजेटची शाई बहुतांश पाणीच असते आणि कागदाच्या तंतूंतून ती दिव्याच्या वातीतल्या तेलासारखी पसरते. पतंगाच्या कागदावर अक्षर फुटते ते यामुळेच, शिवाय त्या कागदाचा रंगही ओलाव्याने सुटतो. ट्रेसिंग पेपरवर उलट होते. शाई मुरत नाही, वरच ओली राहते आणि बोट लागताच पसरते. स्वयंपाकघरातील बेकिंगच्या कागदावर तर शाई ठरतच नाही. आपल्याला हवा तो खळ दिलेला, गुळगुळीत, पातळ कागद. बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक कणांची असते. ती वर टिकते आणि पाण्याला दाद देत नाही. म्हणून मजकूर काळ्यातच छापावा. छापल्यावर एक रात्र सपाट वाळू द्यावा, मगच पाठीचा कागद सोडवावा. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा ओढतो, तेव्हा हे काम कोरड्या दिवसांत केलेले बरे.

चाचणीसाठी कुठलाही साधा मजकूर घ्यावा. बहुतेक पत्रांच्या माथ्यावर बिस्मिल्लाह असते. तो मजकूर असलेले फसलेले कागद रद्दीत जायला नकोत.

कागदाला खळ देणे ही काही आजची युक्ती नाही. आपल्याच जिल्ह्यात जुन्नरला मुस्लिम कागदी हाताने कागद बनवत. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आणि दौलताबादजवळचे कागजीपुरा ही नावे याच कसबाची आठवण देतात. लगदा कुटायचा, धुवायचा, जाळीवर उचलायचा, ताव वाळवायचा आणि मग त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. घोटलेल्या कागदावर बोरूची शाई फुटत नसे. आज इंकजेटच्या थेंबाला पातळ कागदावर नेमके तेच हवे असते. हा धंदा मोडत चालला असताना पुण्यात १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. हातकागदाचा पातळ ताव मिळाला तर त्याची गुळगुळीत बाजू बोटाने ओळखून तिच्यावरच छापावे.

आता मूळ पत्राबद्दल. छापलेला पातळ कागद प्रतीवर ठेवायचा, मूळ पत्रावर नाही. दमट हवेत शाईचा डाग उतरू शकतो. मूळ पत्राला लॅमिनेशनही करू नये. दुकानदार दोन मिनिटांत करून देतो आणि कागद चकचकीत दिसतो, पण तापलेला गोंद तंतूंत शिरतो आणि पुढे कागद सोडवता येत नाही. चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडून अक्षरांवर डाग सोडते. स्टेपल आणि टाचण्या गंजतात. पत्र हलक्या हाताने उलगडून आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवावे आणि पेटी भिंतीपासून व जमिनीपासून दूर असावी. निकाहनामा किंवा जागेचा कागद असेल तर हे अधिकच जपावे. कचेरीत मूळच दाखवावे लागते. आपण केलेली प्रत फक्त घरात वाचण्यासाठी आहे.

एका पत्राला साधारण एक सुट्टीचा दिवस लागतो. मजकूर आजी सांगेल, टाइप नात करेल आणि कागद चिकटवायला धाकट्याचे हात उपयोगी पडतील. गठ्ठा मोठा असेल तर सगळ्यात जीर्ण पत्रापासून सुरुवात करावी आणि वाचणारे वडीलधारे आहेत तोवर निदान वाचन तरी रेकॉर्ड करून घ्यावे. छापणे पुढच्या वर्षीही होईल, वाचून दाखवणाऱ्याचे तसे नसते.