खाजनाचा बांध आणि ताटातील भात

भाताचा घास घेताना तो कोणत्या शेतातून आला, हा विचार क्वचितच मनात येतो. शहरात राहणाऱ्या माणसास तर अन्न दुकानातच जन्मास येते असे वाटू लागले आहे. शेतापासून ताटापर्यंत अन्नाचा जो लांब प्रवास होतो, त्यात पेरणारा, कापणारा, सडणारा, वाहून नेणारा व विकणारा असे अनेक हात लागतात. परंतु यांपैकी पहिल्या हाताकडे आणखी एक काम असते. यंदा पिकलेली जमीन पुढच्या पिढीलाही पिकावी, याची काळजी त्यालाच वाहावी लागते. हे काम किती अवघड आहे आणि ते थांबले म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर गोव्यातील खाजन शेतीसारखे दुसरे उदाहरण मिळणे कठीण.

गोव्यातील शेतजमिनीचे उंचीनुसार तीन प्रकार मानतात. डोंगरउतारावरील ते मोरड, मधल्या सपाटीवरील ते खेर आणि नदीकाठचे सखल ते खाजन. मांडवी, जुवारी इत्यादी नद्यांतून समुद्राची भरती बरीच आतपर्यंत येते. भरतीचे पाणी ज्या पातळीपर्यंत चढते, तिच्याहूनही खाजनातील शेते खाली असतात. एके काळी येथे चिखल आणि खारफुटीचे रान होते. पूर्वजांनी ते हटवून, नदीच्या बाजूने बांध घालून, ही जमीन शब्दशः पाण्यातून काढून घेतली. चोडण व दिवाडी या बेटांवर आणि इतरत्र मिळून अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे. उत्तर कोकणात हिलाच खारजमीन म्हणतात.

बांध चिखल, पेंढा व जांभा दगड यांचा असतो. त्याच्या बाहेर खारफुटीची झाडे मुद्दाम राखलेली असतात, कारण लाटांचा पहिला मार तीच सोसतात. बांधात ठराविक जागी एक दार असते. त्याला मानस म्हणतात. कोकणात त्यालाच उघाडी हे नाव आहे. मानशीच्या लाकडी झडपा अशा बसविलेल्या असतात की, भरतीचे पाणी बाहेरून दाबू लागले म्हणजे त्या आपोआप मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतील पाण्याच्या जोराने आपोआप उघडतात. याशिवाय खाचांतून फळ्या बसवून किती पाणी आत घ्यावयाचे व किती ठेवावयाचे हे ठरविता येते. इंधन नाही, यंत्र नाही. चंद्राच्या ओढीने चढणारे-उतरणारे पाणीच येथे पहारेकऱ्याचे काम करते.

या जमिनीचे वर्षही पाण्याप्रमाणे चालते. पावसाळ्याच्या सुरुवातीच्या सरी जमिनीतील मीठ धुऊन काढतात आणि ते पाणी ओहोटीबरोबर मानशीतून नदीला मिळते. जमीन गोडी झाली म्हणजे भाताची पेरणी होते. थोडाफार क्षार सोसणारे वाण येथे पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपले गेले; त्यांत कोरगुट हे नाव विशेष प्रसिद्ध आहे. पावसाळा सरल्यावर कापणी होते आणि मग त्याच शेतांत खारे पाणी बेताने घेतात. त्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंद्रे, खेकडे आत येतात आणि भाताच्या खुंटांत व चिखलात आपले अन्न शोधतात. खाऱ्या पाण्याने तण मरते आणि भरतीबरोबर आलेला गाळ जमिनीला कस देतो. काही ठिकाणी उन्हाळ्यात मिठागरेही चालतात. भात, मासळी आणि मीठ ही गोवेकराच्या जेवणातील तीन मुख्य द्रव्ये अशा रीतीने एकाच भूमीतून निघतात. एका पिकाचे उरलेले दुसऱ्याचे खाद्य होते आणि बाहेरून फारसे काही विकत आणावे लागत नाही.

मात्र हे सारे एकट्या शेतकऱ्याच्या बळावर चालणारे नव्हते. एका शेतापुरता बांध घालता येत नाही. बांध एके ठिकाणी फुटला तर पाणी सगळ्यांच्या शेतांत शिरते. म्हणून बांधाची देखरेख गावकरी ही ग्रामसंस्था करीत असे. तिचे रीतिरिवाज पोर्तुगीजांनी १५२६ मध्ये लेखी स्वरूपात नोंदविले. म्हणजे संस्था त्याहून जुनी होती. ती सर्वांना सारखी न्यायी होती असे मात्र म्हणता येणार नाही. उत्पन्नातील वाटा गावकर घराण्यांतील पुरुषांचा असे. बांधाचा चिखल ज्यांच्या डोक्यावरून वाहिला जाई, त्या कष्टकऱ्यांच्या वाट्यास मजुरीच येई.

मुक्तीनंतर १९६४ मध्ये कूळ कायदा झाला आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळांना मालकीचा हक्क मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. हे न्यायाचे पाऊल होते. बांध राखण्याची जबाबदारीही कुळांवर सामुदायिकपणे आली व त्यासाठी त्यांचे संघ झाले. परंतु हक्क कायद्याने देता येतो, सवय देता येत नाही. शेती परवडेना तशी घरातील तरुण माणसे नोकरीस लागली, शेते पडीक राहू लागली आणि बांधाकडे रोज पाहणारा डोळा नाहीसा झाला. खेकड्याने पोखरलेले बोटभर छिद्र त्याच दिवशी बुजविले तर मूठभर चिखल पुरतो. तेच राहून गेले तर उधाणाच्या एका भरतीत मोठे खिंडार पडते.

दुसरी अडचण मानशीचीच आहे. मानशीवर जाळे लावून मासे धरण्याच्या हक्काचा लिलाव होतो. पूर्वी हे उत्पन्न बांधाच्या कामी येई आणि दार भाताच्या सोयीने उघडे. ज्याने केवळ मासळीसाठी पैसे मोजले आहेत, त्याला मात्र खारे पाणी अधिक हवे असते. दार एकाच्या हाती आणि शेत दुसऱ्याच्या, अशी ताटातूट झाली की जमीन मिठाने भरते. खनिज वाहणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही बांध झिजविले. आता समुद्राची पातळी चढत असल्यामुळे प्रत्येक कच्चा बांध अधिकच धोक्यात आहे.

उपाय नाहीत असे नाही. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषि संशोधन संस्थेने कोरगुटातूनच निवड करून ‘गोवा धान १’ व ‘गोवा धान २’ हे क्षार सोसणारे वाण दिले आहेत. बांधांच्या दुरुस्तीस शासनही साहाय्य करते. पण बी कितीही चांगले असले तरी फुटक्या बांधामागे ते उगवणार नाही. मानशीचा करार करताना भाताचा हंगाम प्रथम आणि मासळी नंतर, हा जुना क्रम पाळला गेला पाहिजे, आणि लिलावाचा पैसा पुन्हा बांधातच पडला पाहिजे.

ग्राहकाचेही येथे कर्तव्य आहे. खाजनातील उकडा तांदूळ थोडा महाग पडतो. त्या जादा पैशांत तांदळाच्या किमतीबरोबर बांधावरच्या चिखलाची किंमतही असते. ती कोणीच दिली नाही तर पावसाळ्यातील एखाद्या अमावास्येच्या रात्री नदी आपली जुनी जागा परत घेईल. आणि एकदा गेलेले खाजन पुन्हा पिकते करावयास किती हात लागतील, हे ज्यांनी ते प्रथम पाण्यातून काढले त्यांनाच ठाऊक होते.