धरणगावची पलटण

आमच्या घरात एक पितळी बिल्ला आहे. माझ्या लहानपणी तो ज्वारीच्या कणगीत असायचा. का, ते कुणी विचारलं नाही. हात घालून बाहेर काढला की आजी ओरडायची, "ठेव तो जागेवर. हाऊ बिल्ला धरणगावनी पलटणना शे!" एवढंच. पलटण कसली, बिल्ला कुणाचा, हे सांगायला तिच्याही वरचं कुणी उरलं नव्हतं. खापरपणजोबांचा, असं घरात धरून चालत.

दुसऱ्या बाजूला रात्री अंगणात ऐकलेल्या खाज्या नाईकाच्या गोष्टी होत्या. सरकारी खजिना लुटणारा, गोऱ्यांना सातपुड्यात फिरवणारा खाज्या. आम्हा भिल्लांच्या पोरांना दुसरा राजा ठाऊक नव्हता. बिल्ला आणि खाज्या एकाच घरात सुखानं नांदत होते, कारण दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

ती मी घातली. निवृत्तीनंतर माणसाला असले उद्योग सुचतात. बँकेत उभा जन्म दुसऱ्यांच्या सह्या आणि अंगठे पडताळण्यात गेला. म्हटलं, आता एक अंगठा घरचा शोधावा.

खानदेश 1818 साली इंग्रजांकडे आला, तेव्हा डोंगरातले घाट भिल्ल नाईकांच्या हाती होते. फौजा पाठवून पाहिल्या, पण तापानं शिपाई आजारी पडत. मग एल्फिन्स्टननं धोरण बदललं. माफी द्यावी, जमीन आणि तगाई द्यावी, आणि भिल्लांचीच एक पलटण उभारावी. 1825 मध्ये हे काम जेम्स औट्रमकडे आलं. वय अवघं 22. हा गडी वाघाच्या शिकारीला भिल्लांबरोबर हिंडला, त्यांच्यात बसला-उठला, आणि सुरुवातीला त्याच्या हाती नऊ माणसं लागली. नऊच! पलटणीचं ठाणं धरणगावला पडलं.

नऊच का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. 1804 मध्ये पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यानं भिल्लांना कोपरगावी बोलावून घेतलं आणि दगा करून विहिरींत लोटलं. ज्यांचे बाप-चुलते सरकारच्या बोलावण्यावरून गेले आणि परतले नाहीत, त्यांनी वीस-एकवीस वर्षांनी पुन्हा सरकारच्या बोलावण्यावर विश्वास ठेवायचा होता. पहिल्या नऊ जणांच्या धाडसाचं मला औट्रमच्या शिकारीपेक्षा जास्त कौतुक वाटतं. पोटासाठी गेले असतील, नाही कोण म्हणतो? पण गेले.

या पलटणीचा इतिहास सिमकॉक्स नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिला, तो 1912 मध्ये छापला गेला. 1825 ते 1891 एवढा तिचा काळ. साहेबांची नावं त्यात ठसठशीत आहेत. मला हवा तो माणूस नाही. खातं साहेबाच्या नावावर, शिपाई किरकोळीत. ही पद्धत मी नोकरीतही पाहिली आहे.

मग मी आकडेमोड केली. आजोबांचं वय, त्यांच्या वडिलांचं, पिढीमागे अदमासे तीस वर्षं. खापरपणजोबा 1858 मध्ये विशीतले असावेत. आणि इथं मी थांबलो, कारण ते साल मला ठाऊक होतं.

खाज्या नाईक स्वतः आधी सरकारचाच माणूस होता. सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. 1857 मध्ये तो उठला आणि सात लाखांचा सरकारी खजिना त्यानं लुटला. (रोकड घेऊन जाणाऱ्या गाडीत मी कैकदा बसलो आहे, सात लाखांची मला वेगळीच धडकी भरते.) 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला त्याची आणि भीमा नाईकाची माणसं इंग्रजी फौजेशी भिडली. लढाईनंतर पकडलेल्या भिल्लांना गोळ्या घातल्या, बायकांना कैद करून नेलं. त्या इंग्रजी फौजेत धरणगावची पलटण होती. तिचा कप्तान बर्च तिथं जखमी झाला.

म्हणजे दोन्हीकडून भिल्ल. एकाच डोंगरावर, बहुधा एकमेकांची बोली ऐकू येईल एवढ्या अंतरावर.

आमचा माणूस तिथं होता? कदाचित तो पुढं भरती झाला असेल. कदाचित त्या दिवशी ठाण्यावर पहाऱ्याला असेल. या पळवाटा मी स्वतःच काढून पाहिल्या, आणि दरवेळी विशीतला तो पोरगा बंदूक घेऊन समोर उभा राहिला.

गेल्या 9 ऑगस्टला, आदिवासी दिनाच्या मिरवणुकीहून नातू खाज्या नाईकाचं चित्र घेऊन आला. भिंतीवर लावता लावता म्हणाला, "आजोबा, आपला माणूस यांच्याबरोबर होता ना?"

मी त्याला समोर बसवलं आणि कोपरगावच्या विहिरींपासून सगळं सांगितलं. अंबापाणीही सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तो बिल्ला कुठंय?"

चिंच कोळून आम्ही दोघांनी तो घासला. पितळ उजळलं. अक्षरं मात्र इतकी झिजली आहेत की बोट फिरवलं तरच लागतात.