‘अ-लढाऊ’ ठरवलेल्यांच्या हाती मशीनगन

गोंदियाजवळच्या बिरसीला आज वैमानिक घडवले जातात. ती धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली दुसऱ्या महायुद्धासाठी बांधली, हे आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी तरुणांना माहीत नाही. युद्ध दाराशी आले की सत्तेला माळरानही दिसते आणि माणूसही दिसतो! त्याच युद्धाच्या गरजेपोटी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली आपल्या गोंदियाच्याच रेल्वेमार्गावरच्या कामठीला.

त्याआधी काय होते? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेल्या समाजाला १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी सैन्याचे दार बंद केले. ‘लढाऊ जमाती’ नावाचा एक सिद्धांत काढला आणि महारांना त्याबाहेर टाकले. वकिली भाषेत सांगायचे तर ना आरोपपत्र, ना साक्षीपुरावा, थेट शिक्षा! गोपाळबाबा वलंगकरांनी आणि शिवराम जानबा कांबळे यांनी याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली. युद्ध संपताच १९२१ मध्ये तीही मोडली. गरज सरो, वैद्य मरो! सुभेदार रामजींच्या पुत्राने, बाबासाहेबांनी, हा अन्याय विसरू दिला नाही. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर जाताच त्यांनी महार रेजिमेंटचा आग्रह धरला.

आता या इतिहासातली खरी नवलाची गोष्ट. ऑक्टोबर १९४६ मध्ये या रेजिमेंटचे मशीनगन रेजिमेंटमध्ये रूपांतर झाले. तिच्या हाती आली विकर्स मशीनगन. तिपाईसह चाळीस किलोच्या आसपास वजन, मिनिटाला साडेचारशेच्या वर गोळ्या. ही तोफा चालवायला नुसते मनगट पुरत नाही. डोंगराआडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शत्रूवर मारा करायचा तर कोन मोजावा लागतो, तक्ते वाचावे लागतात, गणित मांडावे लागते. म्हणजे ज्यांना ‘लढण्याच्या लायकीचे नाहीत’ म्हटले, त्यांच्याच हाती पायदळातले सर्वांत डोके लागणारे शस्त्र आले!

आणि ही बंदूक पाण्यावर जगते. तिच्या नळीभोवती सुमारे चार लिटर पाण्याचे कवच असते. सतत माऱ्याने ते पाणी उकळते, त्याची वाफ रबरी नळीतून डब्यात उतरते, थंड होते आणि पुन्हा वापरता येते. पाणी नसेल तर नळी तापून बंदूक निकामी. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले म्हणून ज्यांची डोकी फोडली, त्यांच्याच हातांनी भरलेल्या पाण्यावर देशाची मशीनगन चालली. त्या पाण्याने बंदूक बाटली नाही!

रेजिमेंटच्या टोपीवरच्या बिल्ल्यात तेव्हा दोन मशीनगन आणि कोरेगावचा विजयस्तंभ होता. पुढे स्तंभ गेला, त्या जागी खंजीर आला. पण आज या रेजिमेंटमध्ये सर्व जातिधर्मांचे जवान आहेत. मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना १९८७ च्या श्रीलंकेतील पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, ते आठव्या महार बटालियनचे. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. दार उघडे ठेवले की काय होते, त्याचा हा पुरावा.

कुणी म्हणेल, तथागतांच्या अनुयायांनी बंदुकीचा अभिमान का बाळगावा? अभिमान बंदुकीचा नाही. माणसाची लायकी जन्मावर ठरत नाही, हे ज्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले, त्यांचा आहे. तेच तर धम्म सांगतो.

आज गोंदिया जिल्ह्यातली आपली मुले सैन्यभरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी आणि त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम. उरलेल्यांनी घरी येऊन करायचे काय? आजचे युद्ध ड्रोन, रडार आणि संगणकाचे आहे. म्हणून मुलांनो, धावा जरूर, पण गणित, विज्ञान सोडू नका. तांत्रिक शाखांचे आणि अधिकारी होण्याच्या परीक्षांचे अर्ज भरा. आणि समाजातल्या नोकरदारांनो, गावच्या विहारात सायंकाळी गणिताची शिकवणी सुरू करा. बिरसीच्या धावपट्टीवरून विमाने रोज उडतात. लाखांची फी भरणाऱ्यांनीच ती उडवावीत, असा कायदा नाही.

जयभीम!