आमच्या गावाचे नाव आले का?

रेडिओवर वाईट बातमी लागली की ऐकणारा सर्वांत आधी काय करतो? आमचा अनुभव असा की, तो आपली माणसे मोजतो. रडणे, हळहळणे नंतरचे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आम्ही तेव्हा नांदेडला, शाळकरी वयाचे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, त्यामुळे गल्ली उशिरा झोपलेली. 3 वाजून 56 मिनिटांनी मांडणीवरची भांडी खाली आली आणि सगळे अंगणात पळाले. काय झाले ते कोणालाच कळेना.

सकाळी बाबांनी ट्रान्झिस्टर लावला. सेल उतरलेले, म्हणून कानाजवळ धरून ऐकावे लागे. लातूर, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), किल्लारी अशी नावे येऊ लागली. आईचे माहेर औसा तालुक्यातले. ती पिठाच्या हातांनी तशीच दारात आली.

"आमच्या गावाचं नाव घेतलं का हो?"

"नाही."

आईने सोडलेला तो श्वास आम्हाला अजून आठवतो. दुपारी मात्र ती जेवली नाही. म्हणाली, "दुसऱ्याच्या गावाचं नाव आलं म्हून मला बरं वाटलं. असं कसं वाटलं मला?" बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी तिला दुसरेच सुचले. नाव आले नाही म्हणजे गाव वाचले, असे थोडेच? कदाचित तिथवर अजून कोणी पोचलेच नसेल! मग दर बातमीपत्राला तोच प्रश्न. सास्तूर, होळी, पेठसांगवी... नावे वाढत गेली, आकडेही वाढत गेले.

बाबांचा राग निराळा होता. निवेदक एवढी माणसे मेल्याचे सांगतो आणि त्याच सुरात पुढे हवामान वाचतो! "ह्याचा आवाज कापत कसा नाही?" असे ते म्हणत. आज आम्हाला वाटते, कापला नाही ते बरेच झाले. त्या दिवसांत रोज रात्री 'आज पुन्हा होणार' अशी आवई उठायची आणि लोक अंथरुणे घेऊन मैदानात जायचे. तेव्हा तोच सपाट आवाज ऐकून निम्मी गल्ली घरात परत यायची.

आठव्या दिवशी मामांचे पोस्टकार्ड आले. सगळी सुखरूप होती. गावातला मोठा वाडा मात्र बसला होता. त्या भागात दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे असत. झोपलेल्या माणसांवर तीच कोसळली. मामांचे घर वस्तीत, वर नुसते पत्रे. पत्रा आणि कूड अंगावर पडला तरी माणूस उठून बसतो. गरिबीने जीव वाचवला, असे आमच्यात पुष्कळ जण म्हणत. पण त्यात मिरवण्यासारखे काय आहे?

बावन्न गावे उद्ध्वस्त झाली, सुमारे आठ हजार माणसे गेली. काही जण दहा हजार सांगतात. पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने नवी गावठाणे वसली. घरे मिळाली ती जमिनीच्या मापाने: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्यावर साडेसातशे. भूकंपाने कोणाचा सातबारा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने पाहिला. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीनच येऊ दिली नाही, त्यांचा वाटा किती ते वाचकांनीच ताडावे. ही बातमी काही आम्ही रेडिओवर ऐकली नाही.

21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमारास नांदेड पुन्हा हलले. केंद्र हिंगोली जिल्ह्यात होते. आमच्या मोबाईलवर संदेशांचा पाऊस सुरू झाला. आई आता थकली आहे, ऐकूही कमी येते. ती पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "ते मोबाईल ठेवा. रेडिओ लावा. कोणकोणत्या गावांची नावं घेतात ते नीट ऐका."

आम्ही घरभर शोधला. घरात रेडिओ नव्हता.