पाऊल पडतं कुठे?

पोलीस भरतीत मुलांच्या १६०० मीटरला २० गुण असतात. ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत आलात तर वीसच्या वीस, एक सेकंद वर गेला की अठरा. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्यासारख्या गावात भरतीच्या पोरांना हे कोष्टक तोंडपाठ असतं. त्यात हिंगोलीत राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ आहे आणि एसआरपीच्या भरतीत ५ किलोमीटरला शंभरातले ५० गुण आहेत. म्हणून मराठवाड्यातल्या गावोगावच्या रस्त्यांवर उजाडायच्या आत राऊंड सुरू होतात. किती वेळ लागला, हे मोबाइलमधलं स्टॉपवॉच सांगतं. का लागला, हेही तोच मोबाइल सांगू शकतो. पण त्यासाठी त्याचा कॅमेरा सुरू करावा लागतो.

आधी थोडं गणित. मिनिटाला १८० पावलं पडत असतील, तर ५ मिनिटं १० सेकंदांत ९३० पावलं होतात. म्हणजे एक पाऊल साधारण १ मीटर ७२ सेंटिमीटरचं. प्रत्येक पावलात एकच सेंटिमीटर वाया गेला, तर शेवटी सव्वानऊ मीटर कमी पडतात. त्या वेगाने जवळजवळ दोन सेकंद. दोन गुण जायला एवढं पुरतं. शिवाय धावताना पाय टेकतो तेव्हा जमिनीकडून वजनाच्या अडीच-तीनपट बल उलटून येतं. ६० किलोच्या पोराच्या एका पायावर दीडशे किलोंहून जास्त भार, आणि तोही एका १६०० मीटरमध्ये साडेचारशेहून अधिक वेळा. नडगी उगाच दुखत नाही.

धावण्याच्या ढबीचं विश्लेषण म्हणजे हा प्रत्येक टेका थांबवून बघणं. डोळ्यांना ते जमत नाही, कारण चांगल्या धावपटूचा पाय जमिनीवर सेकंदाच्या पाव भागाहूनही कमी वेळ असतो. बाजूने घेतलेल्या स्लो मोशन व्हिडिओत पाय टेकल्याची नेमकी फ्रेम थांबवायची आणि गुडघा कुठे आहे, टाच कुठे आहे ते बघायचं. गुडघा टाचेच्या वर असेल तर ठीक. पाय ताठ होऊन टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडलेली दिसली, तर तो पोरगा अर्धा ब्रेक दाबून मोटरसायकल चालवतोय असं समजावं. लांब ढांग टाकली की वेग वाढतो, हा समज ग्राउंडवर फार पक्का आहे. ती ढांग मागच्या पायाच्या रेट्यातून आली तर वेग वाढतो. पुढचा पाय लांब फेकून आली तर उलट बसतो.

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ९७ धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ठरावीक वेगाने धावायला कोणाला किती ऊर्जा लागते, यातल्या फरकाचा ३९ टक्के भाग त्यांच्या ढबीशी जोडता आला. कंबर किती वर-खाली होते, पाय टेकल्यावर गुडघा किती वाकतो, त्या क्षणी कमरेचा वेग किती मंदावतो, या गोष्टी त्यात वजनदार ठरल्या. त्याआधी, २०११ मध्ये, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या अभ्यासात असं दिसलं की वेग तोच ठेवून पावलांची संख्या ५ ते १० टक्के वाढवली, तर गुडघ्यावर आणि खुब्यावर येणारा भार कमी होतो. मला हा दुसरा निष्कर्ष आपल्या पोरांसाठी जास्त मोलाचा वाटतो. भरती हुकणाऱ्यांत कमी पळालेले असतात तसे ऐन ग्राउंडच्या आधी दुखणं घेऊन घरी बसलेलेही असतात.

मिनिटाला १८० पावलं पडलीच पाहिजेत, हे मात्र कोणी डोक्यात घेऊ नये. तो आकडा जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकाने १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पावलं मोजली, तिथून पसरला. ते खेळाडू शर्यतीच्या वेगात होते. सकाळच्या संथ धावेत १६५ पडली तर काही बिघडत नाही. टाचेवर उतरणं वाईट, हेही असंच. जपानमधल्या सप्पोरो अर्धमॅरेथॉनमध्ये १५ किलोमीटरच्या खुणेपाशी चित्रण केलं, तेव्हा अव्वल धावपटूंपैकी पाऊणजण टाचेवर उतरताना दिसले. एमिल झाटोपेक तर मान वाकडी आणि तोंड वेडंवाकडं करून धावायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५ हजार, १० हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं घेऊन गेला. दिसायला देखणं धावणं आणि कमी खर्चाचं धावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ढबीची किंमत बघायची असेल तर स्टीपलचेस बघावी. ३ हजार मीटरमध्ये २८ अडथळे आणि पाण्याच्या ७ उड्या. अडथळ्याआधी अंदाज चुकला की धावपटू छोटी छोटी पावलं टाकतो, तिथेच लय मोडते, आणि हे ३५ वेळा होऊ शकतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यावर या शर्यतीकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटं ११.२० सेकंद वेळ दिली. सुवर्ण जिंकणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोटची वेळ होती ८ मिनिटं ११.१५. पाच शतांश सेकंद!

साखऱ्यात प्रयोगशाळा नाही, पण सुरुवातीला ती लागतही नाही. मोबाइल कमरेच्या उंचीवर, चार-पाच मीटर लांब, रस्त्याला काटकोनात ठेवायचा. एखाद्या कठड्यावर दोन विटांचा आधार पुरतो. एकदा ताजेपणी आणि एकदा शेवटच्या फेरीत चित्रण करायचं, कारण खरी ढब दमल्यावर उघडी पडते. एक व्हिडिओ मागूनही घ्यावा. एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूची कंबर खाली लचकते का, हात छातीवर आडवे जातात का, ते त्यात दिसतं. रोज रस्त्याच्या एकाच कडेने पळणाऱ्यांनी उतारही ध्यानात घ्यावा. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम खालच्या बाजूला पडतो.

दोष चार दिसले तरी हात एकालाच घालावा. ढब बदलताना सुरुवातीला दम जास्त लागतो, आणि प्रत्येक पावलाचा विचार करत पळणाऱ्याला ऊर्जाही जास्त लागते. म्हणून फेरीत एखादा मिनिटभर लक्ष द्यायचं, बाकी वेळ नेहमीसारखं पळायचं. परीक्षेला महिना उरला असेल तर नव्या ढबीच्या नादी लागूच नये.

आणि नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी जीवघेणी कळ येत असेल, तर व्हिडिओ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. वारंवारच्या भाराने हाडाला गेलेली बारीक चीर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही. रिपोर्ट नॉर्मल आला आणि कळ तशीच असेल, तर पुन्हा तपासून घेईपर्यंत पळणं बंदच ठेवावं.