मावशींचा फोन वाजला!

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात सकाळची वंदना चालू होती. लहान मुले पुढे, महिला मंडळ मध्ये आणि आम्ही पुरुष मंडळी मागे, असे सर्व हात जोडून बसलो होतो. पंचशील संपत आले आणि एकदम मोबाइल वाजला. तोही साधासुधा नाही. दूरदर्शन संचावर आपण सर्वांनी घरोघरी पाहिलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा’ या मालिकेचे शीर्षकगीत, तेही पूर्ण आवाजात! पुढची मुले खुदकन हसली. महिला मंडळातल्या सत्तरीच्या एक मावशी घाबऱ्या घाबऱ्या पिशवीत हात घालून फोन शोधू लागल्या. फोन काही सापडेना आणि गाणे काही थांबेना.

वंदना झाल्यावर एक-दोघांनी मावशींना सुनावले. “मावशी, विहारात तरी फोन बंद ठेवावा.” मावशी ओशाळल्या. पण मग हळूच मला म्हणाल्या, “भाऊ, माझ्या पोराचा फोन होता. रात्रपाळी करून आला असंल. दुसरं कोणी असतं तर मी उचललाच नसता.”

मी विचारले, “मावशी, तुम्हाला वाचता तर येत नाही. मग पोराचाच फोन हे कसे कळले?”

त्यावर त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला हा लेख लिहावासा वाटला.

आवाजाची अक्षरे

या मावशींनी भिवंडीच्या पॉवरलूम कारखान्यांत पंचवीस-तीस वर्षे कांडी भरण्याचे काम केले. लूमच्या खडखडाटात उभे आयुष्य गेले, त्यामुळे आता कानाने कमी ऐकू येते. शाळा कधी पाहिली नाही. मुलाने हातात मोबाइल दिला, पण पडद्यावरचे नाव वाचता येत नाही, आकडे ओळखता येत नाहीत. कोणाचाही फोन आला की त्या उचलायच्या. एकदा कोणी गोड बोलून “बँकेतून बोलतो” म्हणाला आणि मावशी त्याला सगळे सांगत सुटल्या. नशीब, शेजारी अकरावीत शिकणारी नात बसली होती. तिने फोन हिसकावून घेतला.

त्याच दिवशी नातीने एक युक्ती केली. घरच्या प्रत्येक माणसाला तिने वेगळा आवाज लावून दिला. मुलाचा फोन आला की मालिकेचे शीर्षकगीत वाजते. गावाकडच्या लेकीचा फोन आला की लेकीच्या तान्ह्या बाळाचे हसणे वाजते. नातीचा स्वतःचा फोन आला की तिचाच आवाज म्हणतो, “आजी, मी बोलतेय, फोन उचल.” आणि बाकी कोणाचाही फोन आला तर कंपनीची साधी घंटी. मावशींना सक्त ताकीद आहे की, घंटी वाजली तर फोन उचलायचा नाही.

बंधुभगिनींनो, पाहा, ज्या बाईला व्यवस्थेने अक्षर शिकू दिले नाही तिला नातीने आवाजाची बाराखडी शिकवली. आपल्याकडे रिंगटोन म्हणजे पोरांचे चाळे समजतात. पण निरक्षर, कमी दिसणाऱ्या, वयस्कर माणसांना ही केवढी सोय आहे! फसवणुकीपासून बचाव होतो तो वेगळाच. एवढे करूनही कोणी फसलेच तर वेळ न घालवता १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करावी. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

जलशापासून मोबाइलपर्यंत

मावशींनी तेच गाणे का निवडले, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “टाळेबंदीत कामधंदा बंद, पोटात भीती. तेव्हा रोज तीच मालिका बघत होतो आम्ही.”

ही मालिका स्टार प्रवाह वाहिनीवर १८ मे २०१९ रोजी, म्हणजे बुद्ध पौर्णिमेच्या दिवशी सुरू झाली आणि २०२० साली संपली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची भूमिका केली. शीर्षकगीत आदर्श शिंदे यांनी गायिले. आदर्श हे आनंद शिंदे यांचे पुत्र आणि दिवंगत प्रल्हाद शिंदे यांचे नातू. म्हणजे ज्या घराण्याचा आवाज आपल्या आजोबांनी लाउडस्पीकरवर ऐकला, वडिलांनी कॅसेटवर ऐकला, तोच आज नातवंडांच्या खिशात वाजतो आहे.

आपल्या चळवळीला गाणे नवे नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने खेड्यापाड्यांत बाबासाहेबांचा विचार नेला. वामनदादा कर्डकांनी (१९२२ ते २००४) लेखणी आणि आवाज दोन्ही समाजाला वाहिले. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसापर्यंत चळवळ पोहोचली ती गाण्यानेच. साधने बदलत गेली. ढोलकी आली, तबकडी आली, कॅसेट आली, मग मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने आली. रिंगटोन ही त्यातलीच पुढची पायरी होय.

मोबाइल नवा होता तेव्हा सर्वांचे फोन सारखेच वाजत. नोकियाची ती प्रसिद्ध धून आठवते ना? ती स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगा या गिटारवादकाच्या १९०२ सालच्या रचनेतून घेतलेली. भिवंडीच्या नाक्यावर एक फोन वाजला की दहा जण खिसे चाचपत. आज तसे नाही. आज फोन वाजला की माणूस ओळखू येतो. आणि खरी मेख इथेच आहे.

फोन वाजतो तेव्हा जात कळते

मावशींचा मुलगा माणकोलीकडच्या एका गोदामात माल तपासण्याच्या कामावर आहे. एके दिवशी मावशींनी त्याला विचारले, “माझ्या फोनवर बाबासाहेबांचं गाणं लावलंस, मग तुझ्यावर ती घंटी का रं?” तो काही बोलला नाही. नंतर मला भेटला तेव्हा म्हणाला, “काका, आधी माझ्याही फोनवर तेच गाणं होतं. भाड्याची खोली बघायला गेलो होतो. सगळं ठरलं. तेवढ्यात फोन वाजला. मालकानं गाणं ऐकलं आणि म्हणाला, दोन दिवसांनी सांगतो. ते दोन दिवस अजून संपले नाहीत. तेव्हापासून घंटी.”

त्याला उपदेश करायला माझी जीभ वळली नाही. कारण मीही कारकून माणूस. एका खासगी कार्यालयात होतो तेव्हा कित्येक वर्षे मी माझा फोन मुका ठेवत असे. ही शिस्त आहे असे मी लोकांना सांगायचो आणि स्वतःलाही. खरे कारण माझे मला ठाऊक होते. संध्याकाळी सभेत स्वाभिमानावर भाषण करायचो आणि सकाळी दाराशी फोनचा आवाज बंद करून आत शिरायचो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिले पाहिजे. कारण आपल्यापैकी अनेकांच्या खिशातला फोन असाच मुका आहे.

ही भीती पोकळ नाही. १६ मे २०१५ रोजी शिर्डीत काय घडले ते समाज विसरलेला नाही. नर्सिंगचे शिक्षण घेणारा आपला एक तरुण लग्नासाठी तिथे आला होता. एका दुकानात बसला असताना त्याचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गौरवाची होती. ती काही टोळभैरवांना खटकली. त्यांनी त्याला मारहाण केली, उचलून नेले आणि त्याचा जीव घेतला. खुनाचा आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, अटकाही झाल्या. पण एका आईचा मुलगा गेला तो गेलाच. फोनच्या काही सेकंदांच्या गाण्यापायी!

म्हणून जो भितो त्याला भित्रा म्हणू नका. पोट हातावर असलेल्या माणसाने कुठे कोणता आवाज ठेवावा हे त्याचे त्याने ठरवावे. मात्र कायदा काय सांगतो हे प्रत्येकाला माहीत असावे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यात झालेल्या दुरुस्त्या २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाल्या. अनुसूचित जाती-जमातींना पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हाही त्यानुसार गुन्हा आहे. जातीवरून चारचौघांत अपमान करणे हा गुन्हा तर आहेच. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीची मान्यता आहे, पण त्यासाठी जातीचा दाखला घरात तयार ठेवावा. कोणी रिंगटोनवरून धमकावले तर तिथेच हातघाईवर येऊ नका. तारीख, वेळ, ठिकाण आणि साक्षीदारांची नावे लिहून ठेवा आणि पोलीस ठाणे गाठा. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६६ आहे. तो फोनमध्ये आजच साठवून ठेवा.

घरच्या घरी रिंगटोन

आता कृती सांगतो. मावशींच्या नातीकडूनच मी ती शिकलो.

आवडत्या मालिकेचे गाणे वाहिनीने अधिकृतपणे प्रसिद्ध केलेले असेल तर ते लावावे, नाहीतर मालिका सुरू होताना ध्वनिमुद्रण करावे. खोलीतला पंखा बंद करावा, दारे लावावीत, पोरांना गप्प बसवावे. फोनमधला रेकॉर्डर चालू करून फोन टीव्हीच्या स्पीकरपासून हातभर लांब ठेवावा. टीव्हीचा आवाज मध्यम ठेवावा. फार मोठा केला तर मुद्रण फाटते.

मग नको तो भाग कापावा. बहुतेक रेकॉर्डरमध्ये कात्रीचे चिन्ह असते. तुकडा पंचवीस ते तीस सेकंदांचा पुरे. कारण ट्रायच्या नियमाप्रमाणे नोव्हेंबर २०१९ पासून आपल्या देशात मोबाइल ३० सेकंद वाजतो. त्यापुढचे गाणे ऐकायला कोणी नसते. सुरुवातीला रिकामी जागा ठेवू नये. पहिल्याच क्षणी सूर लागला पाहिजे, कारण आपण पाच-सात सेकंदांत फोन उचलतो.

लूमवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फोनच्या छोट्या स्पीकरमधून ढोलाचा घुमारा नीट येत नाही आणि आला तरी लूमच्या धडधडीत बुडतो. त्यामुळे उंच पट्टीतला गळा किंवा पेटीचा सूर असलेला तुकडा निवडावा. सोबत फोनची थरथर चालू करून तो छातीच्या खिशात ठेवावा.

तुकडा साठवला की फोनच्या सेटिंगमध्ये ध्वनी, मग रिंगटोन असे जाऊन तो निवडावा. एकाच माणसासाठी लावायचा तर संपर्क यादीत त्याचे नाव उघडून तिथल्या पर्यायांतून रिंगटोन निवडावी. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात, पण सोय बहुतेक सर्वांत आहे. रिंगटोन आपल्याला ऐकू येते आणि कॉलर ट्यून आपल्याला फोन करणाऱ्याला, हा फरक ध्यानात ठेवावा. २०२० साली देशभर फोन लावताच खोकला ऐकू येई, ती कॉलर ट्यून होती. तिला कंपन्या पैसे लावू शकतात, घरी केलेली रिंगटोन फुकट असते.

फुकट रिंगटोन देतो म्हणणारे भलतेसलते ॲप घेऊ नका. गाण्यासाठी जे ॲप तुमचे संदेश वाचायची परवानगी मागते, त्याचा डोळा तुमच्या ओटीपीवर असू शकतो. आणि हो, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी सूट दिली आहे, पण असे तुकडे कापून विकण्याची मुभा नाही. आपले गायक-शाहीर गाण्यावरच जगतात, त्यांचे पोट मारू नये.

विहारातली शिस्त

काही जण बुद्धवंदना किंवा त्रिसरणच रिंगटोन म्हणून लावतात. भावना चांगली आहे, पण माझे मत वेगळे आहे. फोन शौचालयात वाजतो, बसच्या गर्दीत वाजतो, आणि आपण तो मध्येच तोडतो. शरण जाण्याचे वचन अर्धवट तोडायचे नसते. वंदना मुखाने म्हणावी, फोनवर गाणे ठेवावे. आणि विहारात, अंत्यविधीला, इस्पितळात फोन मुका ठेवावा. तिथला मुकेपणा भीतीचा नसतो, आदराचा असतो. हा फरक मुलांना समजावून सांगितला पाहिजे.

शेवटी मावशींच्या मुलाचे सांगतो. त्याने अजून फोनवर सर्वांसाठी गाणे लावलेले नाही. पण परवा नातीने त्याच्या फोनमध्ये फक्त आईच्या नावापुढे ते गाणे लावून दिले. त्या रात्री गोदामात जेवणाच्या सुट्टीत मावशींनी मुद्दाम फोन केला. गाणे वाजले. आजूबाजूचे दहा-बारा कामगार बघू लागले. त्याने सांगितले, “काका, पहिल्यांदा हात बटणाकडे गेला होता. पण आईचा फोन कसा तोडणार? वाजू दिला पूर्ण.”

मग काय झाले, मी विचारले.

“काही नाही. शेजारी जेवत बसलेला एक पोरगा नंतर माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, जयभीम. सहा महिने आम्ही शेजारी काम करतोय. दोघांच्याही फोनवर घंटीच होती.”