डब्याखालची टाकी, अंगणातली टाकी

वसई रोडहून दिव्याकडे जाणारा रेल्वेमार्ग मुख्य मार्गापासून वेगळा झाला की पहिले स्थानक लागते ते जूचंद्र. चंडिकादेवीच्या डोंगराचे आणि रांगोळी कलाकारांचे म्हणून ओळखले जाणारे हे गाव. या मार्गावरून मालगाड्यांची सतत ये-जा असते. गुजरात-राजस्थानातून पनवेल आणि कोकणमार्गे केरळकडे निघालेल्या लांब पल्ल्याच्या गाड्याही येथूनच जातात. अशी एखादी गाडी जवळून जाताना डब्याच्या टोकाला, खालच्या बाजूस नजर टाकली तर स्टेनलेस स्टीलची एक पेटी लटकलेली दिसते. ती शौचालयाची टाकी. एका डब्यात साधारण चार शौचालये असतात आणि प्रत्येकाखाली मैला साठवून जिरवणारी टाकी असते.

रुळांपासून थोड्या अंतरावर चाळी, बैठी घरे आणि नव्या इमारती आहेत. त्यांच्या अंगणात किंवा पार्किंगखाली सेप्टिक टँक आहेत. एक टाकी ताशी शंभर किलोमीटरने धावते, दुसरी जमिनीत गाडलेली आहे. दोन्हींत चालणारे काम मात्र एकच आहे आणि दोन्ही बिघडतात तीही जवळपास सारख्याच कारणांनी. ही कारणे समजून घेतली तर टाकी वर्षानुवर्षे त्रास देत नाही. न समजता तिच्याशी खेळ केला तर ती माणसाचा जीव घेते.

रुळांवरून टाकीकडे

पूर्वी रेल्वेच्या शौचालयातील मैला थेट रुळांवर पडत असे. प्रश्न केवळ घाणीचा नव्हता. मैल्यातील क्षार आणि ओलावा यांमुळे रूळ व त्यांना धरून ठेवणाऱ्या कड्या गंजत होत्या. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा आढावा समितीने २०१२च्या अहवालात याकडे लक्ष वेधले आणि अशी शौचालये बंद करण्याची शिफारस केली. रोज रुळांवरून चालत तपासणी करणाऱ्या ट्रॅकमनला ही घाण तुडवत काम करावे लागे, हेही विसरून चालणार नाही.

पर्याय तोवर तयार होत आला होता. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या (डीआरडीओ) प्रयोगशाळेने हिमालयातील अतिथंड ठाण्यांवरील जवानांसाठी जैवपाचक टाकी विकसित केली होती. तेथे थंडीमुळे मैला कुजतच नाही, म्हणून कमी तापमानातही काम करणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार करण्यात आले. हेच तंत्र रेल्वेने घेतले. जानेवारी २०११मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेस ही अशा टाक्या बसवलेली पहिली गाडी धावली. २०१९पर्यंत देशभरातील प्रवासी डब्यांना मिळून सुमारे अडीच लाख टाक्या बसल्या.

अंधारातली कामाची विभागणी

टाकीत मैला पडतो तेव्हा त्यात पाणी, न पचलेले तंतू, स्निग्ध पदार्थ, प्रथिने आणि अब्जावधी जिवाणू असतात. टाकीत प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. पहिला गट मोठ्या रेणूंचे तुकडे करून ते पाण्यात विरघळवतो. दुसरा त्या तुकड्यांपासून आम्ले तयार करतो. तिसरा या आम्लांचे ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो. शेवटचा गट त्यातून मिथेन वायू तयार करतो. घन मैल्याचा बराच भाग असा वायू आणि पाणी होऊन निघून जातो.

या साखळीत सर्वांत नाजूक कडी शेवटची. मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात. त्यांना सामू (पीएच) साधारण ७च्या आसपास लागतो आणि ३० ते ३७ अंश तापमान मानवते. वसईच्या हवेत तापमानाची अडचण नाही. पण संडास चकचकीत व्हावा म्हणून रोज ॲसिडची बाटली ओतली की हे सूक्ष्मजीव आधी मरतात. आम्ल बनवणारे गट तुलनेने चिवट असल्याने ते काम करत राहतात, आम्ल साचते आणि टाकी आंबते. वास येऊ लागतो. वास आला म्हणून आणखी फिनेल ओतले जाते आणि जिवाणूंची उरलीसुरली वस्तीही संपते.

रेल्वेच्या टाकीत सुरुवातीला जिवाणूंचे विरजण घालावेच लागते, कारण रिकाम्या पोलादी पेटीत ती वस्ती आपोआप लवकर उभी राहत नाही. घरच्या सेप्टिक टँकला मात्र बाजारातील जिवाणूंच्या पुड्यांची सहसा गरज नसते. मैल्याबरोबर लागणारे जिवाणू रोजच आत येतात. गरज असते ती त्यांना जगू देण्याची.

तुंबते कशाने?

अशा टाक्या बसवलेल्या रेल्वेच्या जैवशौचालयांचे लेखापरीक्षण देशाच्या महालेखापरीक्षकांनी केले. त्यांच्या २०१७च्या अहवालानुसार, तपासलेल्या सुमारे २५ हजार शौचालयांत २०१६-१७ या एका वर्षात जवळपास २ लाख दोष नोंदले गेले. त्यांपैकी १ लाखाहून अधिक प्रकार केवळ तुंबण्याचे होते. आत टाकलेल्या बाटल्या, कापड, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या हे त्यामागचे नेहमीचे कारण. जिवाणूंना प्लास्टिक पचत नाही. त्याच सुमारास आयआयटी मद्रासमधील अभ्यासकांनी या टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी करून, त्यावर अपेक्षित प्रक्रिया होत नसल्याचे मत मांडले. म्हणजे टाकी बसवली की काम संपत नाही. तिची देखभाल आणि बाहेरच्या पाण्याची नियमित चाचणी हाच तिचा खरा आधार आहे. रेल्वे आता वंदे भारतसारख्या गाड्यांत निर्वात पद्धतीची शौचालये वापरते. त्यात पाणी खूप कमी लागत असल्याने टाकीवरचा भार हलका होतो.

चाकांवरच्या घरांनाही हाच नियम लागू आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाडीत सहसा दोन टाक्या असतात, एक मैल्याची आणि दुसरी अंघोळ-भांड्यांच्या पाण्याची. नवखे लोक मैल्याच्या टाकीचा झडपदरवाजा कायम उघडा ठेवतात. पाणी वाहून जाते आणि घन मैला तळाशी सुकून दगडासारखा होतो. टाकी बरीचशी भरेपर्यंत दरवाजा बंद ठेवायचा, मग मैल्याची टाकी आधी आणि सांडपाण्याची नंतर रिकामी करायची, म्हणजे पाइपही धुऊन निघतो. टाकी भरल्याचा दिवा रिकाम्या टाकीतही जळत राहिला तर बहुतेक वेळा आतील संवेदकावर कागद व मैला चिकटलेला असतो. भरपूर पाणी घालून गाडी थोडी चालवली की तो सुटतो. वास मारण्यासाठी फॉर्मॅलिनयुक्त रसायन वापरले तर ती टाकी जेथे रिकामी होईल, तेथील जिवाणूही मरतात.

खारट जमिनीतली अडचण

आता अंगणातल्या टाकीकडे येऊ. वसई-विरार महापालिका जुलै २००९मध्ये स्थापन झाली. शहर वेगाने वाढले, पण मोठ्या भागात मलवाहिन्यांचे जाळे अजून नाही. तेथील घरे सेप्टिक टँकवर विसंबून आहेत.

सेप्टिक टँकमध्ये तीन थर असतात. वर तरंगणारी साय, मध्ये त्यामानाने स्वच्छ पाणी आणि तळाशी गाळ. बाहेर जाते ते मधले पाणी. हे पाणी पूर्ण शुद्ध नसते. त्यात रोगजंतू असतात. म्हणून ते उघड्या गटारात न सोडता शोषखड्ड्यातून मातीत मुरवायचे असते. मातीच्या कणांमधली हवा आणि तेथील जिवाणू उरलेले शुद्धीकरण करतात.

जूचंद्र-नायगाव पट्ट्यात नेमकी येथेच अडचण येते. आसपास मिठागरे आणि खाजण जमीन, पलीकडे वसईची खाडी. पावसाळ्यात भूजल जमिनीच्या अगदी वर येते. माती आधीच पाण्याने भरलेली असेल तर शोषखड्डा मुरवणार कुठे? पाणी मागे फिरते आणि तळमजल्याच्या संडासातून वर येते. जुलै २०१८च्या पुरात वसई तालुका पाण्याखाली होता, तेव्हा अशा टाक्या आणि पुराचे पाणी एक झाले.

दुसरी अडचण डोळ्यांना न दिसणारी आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असते. टाकीच्या भिंतीला तडे असतील आणि खारे भूजल आत झिरपत असेल तर सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात. ते मिथेन बनवणाऱ्यांचे अन्न पळवतात आणि मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हाच तो सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. तो टाकीच्या स्लॅबखाली ओलाव्यात साचतो, तेथे दुसरे जिवाणू त्यापासून गंधकाम्ल बनवतात आणि काँक्रीट आतून खाल्ले जाते. झाकणाच्या कडेचे सिमेंट भुसभुशीत होऊन सळ्या उघड्या पडू लागल्या तर ती टाकी केवळ जुनी नव्हे, धोक्याची झाली आहे. त्या स्लॅबवर मुलांना खेळू देऊ नये, गाडी उभी करू नये.

दुखणे कसे ओळखावे?

इमारतीतील एकच संडास तुंबत असेल तर दोष त्याच्या पाइपमध्ये असतो. सगळेच हळू वाहू लागले तर टाकी भरली आहे किंवा बाहेर जाणारा पाइप बंद झाला आहे. फ्लश केल्यावर बुडबुड आवाज येत असेल तर वायू बाहेर सोडणारा व्हेंट पाइप तपासावा. पक्ष्यांची घरटी किंवा तुटलेली जाळी हे नेहमीचे कारण. बंद घरातील न्हाणीत वास येत असेल तर बहुधा वास अडवणाऱ्या ट्रॅपमधले पाणी सुकलेले असते. दोन तांबे पाणी ओतले की काम होते. फक्त पावसाळ्यातच त्रास होत असेल तर टाकी उपसून फारसा फरक पडत नाही. पावसाचे पाणी चेंबरमध्ये कोठून शिरते ते शोधावे लागते.

टाकी किती भरली हे मोजण्याची एक साधी रीत आहे. लांब काठीच्या खालच्या टोकाला पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा. झाकण उघडून थोडा वेळ वायू जाऊ द्यायचा. मग बाजूला उभे राहून, आत न वाकता, काठी तळापर्यंत सोडायची, काही मिनिटे ठेवून हळूच वर काढायची. टॉवेलवर खालून जेथपर्यंत काळा डाग चिकटलेला दिसतो तेथपर्यंत गाळ आहे. गाळाने पाण्याच्या खोलीचा एकतृतीयांश भाग व्यापला की उपसण्याची वेळ झाली. साधारणपणे २ ते ३ वर्षांनी उपसा व्हावा. विडी, मेणबत्ती, काडी काहीही जवळ नको, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की तो पेट घेतो. उपसताना थोडा गाळ तळाशी राहू द्यावा, नवी वस्ती त्यातूनच उभी राहते. टाकी घासून-धुऊन लख्ख करायची नसते.

आत उतरायचे नाही

९ एप्रिल २०२४ रोजी विरार पश्चिमेला एका निवासी संकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया टाकीत उतरलेल्या ४ कामगारांचा मृत्यू झाला. मे २०१९मध्ये नालासोपाऱ्यात सेप्टिक टँक साफ करताना ३ जण दगावले होते. हे अपघात एकाच क्रमाने घडतात. एक जण उतरतो आणि कोसळतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

यामागचे विज्ञान प्रत्येक सोसायटीच्या पदाधिकाऱ्याला माहीत असायला हवे. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. गाळ ढवळला की तो एकदम सुटतो. हवेच्या १० लाख भागांत १ भागाहूनही कमी असताना नाकाला त्याचा वास येतो. पण प्रमाण १०० भागांवर गेले की घ्राणशक्तीच बधिर होते आणि ‘वास गेला, आता उतरा’ असे वाटते. प्रमाण ७०० ते १,००० भागांपर्यंत पोहोचले तर एक-दोन श्वासांत माणूस बेशुद्ध पडतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा मास्क हा वायू अडवत नाही.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२३मध्ये अशा मृत्यूंसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. पण भरपाईने माणूस परत येत नाही. सक्शन पंपाची गाडी मागवली तर कोणीही आत उतरण्याची गरज पडत नाही. तीही नोंदणीकृत असावी आणि मैला खाडीत किंवा मिठागराच्या कडेला न टाकता प्रक्रिया केंद्रातच नेणारी असावी.

सोसायटीच्या पुढच्या सभेत एवढेच ठराव करा. टाकीच्या उपशाची तारीख नोंदवहीत लिहायची. संडासात पॅड, डायपर, वाइप्स टाकायचे नाहीत, प्रत्येक मजल्यावर त्यांच्यासाठी झाकणाचा डबा ठेवायचा. ॲसिड बंद करून ब्रश आणि साबण वापरायचा. पावसाळ्यापूर्वी झाकणे आणि व्हेंट पाइप तपासायचे. आणि कोणी कितीही कमी पैशांत तयार झाला तरी माणसाला टाकीत उतरू द्यायचे नाही. उपशाच्या सेवेसाठी १४४२० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. तो टाकीच्या झाकणाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.